भिंतीवरील दीपफलक

पेडणे-डिचोलीकडील जुन्या घरांच्या भिंती बहुधा जांभ्या दगडाच्या. त्यांच्या कोनाड्यात पूर्वी पणती तेवत असे. आता त्याच भिंतीवर मोबाईलच्या आज्ञेने रंग पालटणारे दीपफलक लावण्याची हौस होते.

परंतु जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो ओल धरतो, चुना सुटतो आणि नुसत्या चिकटपट्टीवरचा फलक खाली येतो. म्हणून भिंत सुकल्यावर, मुख्य स्विच बंद करून, आत तार नाही हे पाहून भोक पाडावे. गिट्टी ठोकून स्क्रूने फलक बसवावा.

फलकातील वीज सौम्य असली, तरी अडॅप्टरपाशी २३० व्होल्टची वीज येते. तो ओलीपासून दूर असावा. घरात ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी असावाच. पूर्वी घरची माणसे पणतीला वाऱ्याचा आडोसा करीत. या दिव्यांनाही तितकीच काळजी हवी.