‘ला’ म्हणजे नाही. पण काय नाही?



हमालांच्या सभांतून बोलणाऱ्याने बायबलातील अरामी भाषेच्या एका अव्ययावर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु आम्हांला या प्रश्नाची ओळख हजेरीपुस्तकानेच करून दिली. एका करारात वाक्य होते : ‘पावसाचा दिवस धरायचा नाही.’ आम्ही समजलो, खाडा म्हणून धरायचा नाही. मालक समजले, हजेरीत धरायचा नाही. एका ‘नाही’पायी पावसाळाभराची मजुरी अडली. तेव्हापासून नकार दिसला की आम्ही आधी विचारतो, नकार कशाचा?

बायबलाचा जुना करार बहुतांशी हिब्रूत आहे. एज्रा व दानिएल या ग्रंथांचा काही भाग मात्र अरामीत. ही इराणी साम्राज्याची दप्तरी भाषा. तिच्यात नकाराचे मुख्य शब्द दोन. ‘अल्’ म्हणजे आपले ‘नको’, समोरच्याला वारणारे. आणि ‘ला’ म्हणजे ‘नाही’. आपण मराठवाड्यातील माणसे ‘लाचार’, ‘लावारस’ म्हणतो, त्यांतला अरबी ‘ला’ याचाच भाऊ.

एज्राच्या सहाव्या अध्यायातील आठवे वचन पाहा. यरुशलेमच्या मंदिराचे बंद पडलेले काम इ. स. पूर्व 520 च्या सुमारास पुन्हा सुरू झाले होते. दारयावेश राजाचा हुकूम असा की, बांधणाऱ्यांचा खर्च सरकारी वसुलातून पुरता द्यावा. आणि शेवटी शब्द येतात : ‘ला लेबट्टाला’. म्हणजे, थांबवणे नाही. काय थांबवणे नाही? काही भाषांतरकार म्हणतात, काम. काही म्हणतात, पैसे देण्यात खंड नको.

अरामीतील हे रूप लिंग दाखवीत नाही, म्हणून दोन्ही अर्थ त्यात सुखाने नांदतात. मराठीत मात्र ‘थांबवायचे नाही’ म्हटले की काम, ‘थांबवायचा नाही’ म्हटले की खर्च. भाषांतरकाराला निवाडा द्यावाच लागतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले; ते त्यांच्या निधनानंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. असे निवाडे करण्यात किती कष्ट असतील, ते यावरून ध्यानात यावे.

आमचे मत विचाराल, तर आम्ही कामाकडे झुकतो. याच ग्रंथाच्या चौथ्या व पाचव्या अध्यायांत हेच क्रियापद बांधकाम अडवण्याविषयी आले आहे. शिवाय ‘ला’ची हीच बांधणी दानिएलच्या सहाव्या अध्यायात, न बदलावयाच्या फर्मानाविषयी आहे; म्हणजे ही विनवणी नव्हे, कायम बंधन आहे.

पण खर्चाचे वाक्य काढून टाका, मग त्या हुकुमात उरते काय? मजुरी थांबली की काम थांबतेच. राजाच्या लेखनिकाला हे ठाऊक होते, म्हणून त्याने आधी ‘पुरता द्यावा’ लिहिले आणि मगच ‘ला’.

आमच्या करारात पुढे आम्ही दोनच शब्द घालून घेतले : ‘खाडा म्हणून’. कोणताही कागद सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचा, आणि ‘नाही’पाशी थांबून विचारा : काय नाही?