तिहेरी शर्यतीची पूर्वतयारी



पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन गोष्टी आमच्या लहानपणी तीन निरनिराळ्या कारणांसाठी केल्या जात असत. पोहावयाचे ते उन्हाळ्याच्या सुटीत, मामाच्या विहिरीत. सायकल हाणावयाची ती शाळेची घंटा चुकू नये म्हणून. आणि धावावयाचे ते बहुधा कोणी तरी मागे लागले म्हणजे! या तिन्ही गोष्टी एकामागून एक, मध्ये विसावा न घेता, एकाच सकाळी करण्याची जी शर्यत निघाली आहे तिला ट्रायथ्लॉन असे म्हणतात. हा शब्द आता आपल्या मध्यमवर्गीय घरांतूनही सर्रास ऐकू येतो. आमच्या शेजारच्या तीन इमारतींत मिळून चार जण या नादी लागले आहेत, आणि आमच्या घरची सूनबाई त्यांपैकी एक आहे. तिच्या तयारीच्या निमित्ताने, भूगोल शिकविण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला या विषयात लक्ष घालावे लागले. शर्यत जिंकावी कशी हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. शर्यतीच्या दिवशी धडधाकट परत यावे कसे, आणि घरच्यांनी त्यात कोणता भाग उचलावा, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

उदाहरणादाखल आपण गोव्याची शर्यत घेऊ. पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर ती प्रथम २०१९ साली झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, असा तिचा बेत आहे. पोहण्यास १ तास १० मिनिटे आणि एकंदर साडेआठ तास, अशी या प्रकारच्या शर्यतींत साधारणपणे मुदत असते. फ्रान्समधील नीस येथे याच्या दुप्पट अंतराची शर्यत होते. तेथे भूमध्य समुद्रातून बाहेर पडले की सायकलीने आल्प्सच्या पायथ्याचे डोंगर चढावे लागतात. १८० किलोमीटरांत सुमारे २,४०० मीटर चढण. त्या मानाने गोव्याचे चढ म्हणजे पोरखेळ, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटेल. पण दोना पावलाच्या अंगाने बांबोळीच्या पठाराकडे ज्यांनी एकदा तरी सायकल नेली आहे त्यांना ठाऊक आहे, की जांभ्या दगडाचे हे पठार समुद्रसपाटीपासून एकदम वर उठते आणि तितक्याच झटक्याने खाली उतरते. चढ लहान खरा, पण तो पुन्हा पुन्हा येतो.

आता पाण्यापासून आरंभ करू, कारण जिवाचा प्रश्न तेथेच आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात झालेल्या अशा शर्यतींचा आढावा तेथील वैद्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यात मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग मिळून १३५ नोंदले होते. पैकी ९० पोहताना घडले. एक लाख स्पर्धकांमागे हे प्रमाण दोनाहूनही कमी पडते, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु या दुर्दैवी मंडळींचे सरासरी वय सत्तेचाळिशीच्या आसपास होते, त्यांत पुरुषांचा भरणा फार मोठा होता, आणि साठीपुढील पुरुषांत हे प्रमाण कैक पटींनी वाढले होते. आपल्याकडे या शर्यतीकडे वळणारे बहुतेक गृहस्थ नेमके चाळिशी उलटलेले असतात. नोकरीत स्थिरावले, पोट सुटू लागले, म्हणून ते उमेदीने नाव घालतात. त्यांच्या घरच्यांना माझे पहिले सांगणे असे, की सायकलीवर हजारो रुपये खर्च होतातच, तर आधी हृदयाची तपासणी एकदा करवून घ्या, आणि वैद्याला शर्यतीची अंतरे स्पष्ट आकड्यांत सांगा. ‘थोडा व्यायाम करतो’ एवढेच त्याच्या कानावर घालू नका.

दुसरी गोष्ट तलाव आणि समुद्र यांतील भेदाची. आमच्या ओळखीचे एक बँकेतील अधिकारी तलावात दोन किलोमीटर लीलया पोहत असत. समुद्रात मात्र पहिल्या दोनशे मीटरांतच त्यांचा श्वास कोंडला. शेजारच्याची लाथ बसली, चष्म्यात पाणी शिरले, तळ दिसेना. त्यांनी हात वर केला, होडीवाल्याने त्यांना बाहेर काढले, आणि त्यानंतर महिनाभर ते कोणाशी त्याविषयी बोलत नव्हते. माझ्या मते त्यांनी त्या दिवशी सर्वांत शहाणपणाची गोष्ट केली होती. शिवाय, दमलेल्या स्पर्धकाने रक्षकाच्या छोट्या होडीला धरून विसावा घेतला तर तो बाद होत नाही. होडीच्या आधाराने पुढे सरकावयाचे नाही, एवढीच अट असते. ही सवलत पुष्कळांना ठाऊकच नसते, आणि ठाऊक असली तरी ती वापरण्यात त्यांना कमीपणा वाटतो. म्हणून घरातून निघण्यापूर्वीच हे एकमेकांत स्पष्ट बोलून ठेवावे. हात वर केलास तर आम्ही नाराज होणार नाही, हे वाक्य नवऱ्याने बायकोला अगर बापाने मुलाला शर्यतीपूर्वी म्हणून दाखविले, तर त्याचा उपयोग कोणत्याही महागड्या चष्म्याहून अधिक होतो.

मिरामारचा किनारा मांडवी नदीच्या मुखाशी आहे. तेथे भरती-ओहोटीचा विचार केल्यावाचून पाण्यात उतरणे अडाणीपणाचे होय. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, आणि प्रत्येक दिवशी ती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे आपण शाळेत शिकलो आहो. तेव्हा दोन दिवस अगोदर पोहोचून, शर्यत ज्या वेळी सुटणार त्याच वेळी किनाऱ्यावर उभे राहावे आणि पाणी कोणीकडे ओढते ते पाहावे. मात्र शर्यतीच्या दिवशी तीच स्थिती पावणेदोन तास उशिरा येईल, हा हिशेब विसरू नये. आणखी एक बारकावा. हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. जाताना सूर्य पाठीशी असतो, पण बोयांना वळसा घालून परत फिरले की उगवता सूर्य सरळ डोळ्यांत येतो आणि किनारा दिसेनासा होतो. यास्तव काळसर काचेचा चष्मा घ्यावा, आणि आदल्या दिवशीच किनाऱ्यावरची एखादी उंच इमारत खूण म्हणून हेरून ठेवावी.

सायकलीविषयी बोलताना मला फळ्याची आठवण होते. स्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरा, आणि चढ ५० मीटर उंचीचा. एवढे वजन तेवढे वर नेण्यास ३९,२०० ज्यूल इतके काम लागते; ते कोणाला चुकत नाही. तो चढ चार मिनिटांत चढला तर केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे १६३ वॅट शक्ती खर्ची पडते. तीन मिनिटांत चढला तर २१८. म्हणजे एका मिनिटाच्या बचतीसाठी तृतीयांश अधिक जोर! हा जोर दहा वेळा लावणाऱ्याला त्याची किंमत पुढे धावताना चुकवावी लागते. सपाटीवर आणि उतारावर वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणून तीव्र उतारावर पाय मारून हाती फारसे काही लागत नाही. तेथे अंग लहान करावे, पाय मोकळे सोडावेत, घोटभर पाणी प्यावे. चढावर हलका गिअर घ्यावा, आणि तो चढ सुरू होण्यापूर्वीच घ्यावा. पुढे गेलेल्याकडे पाहून चढावर ईर्ष्येला पेटणारे मी पाहिले आहेत. शेवटच्या चार किलोमीटरांत तेच कमरेवर हात ठेवून चालताना दिसतात.

वाऱ्याचेही तसेच. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, आणि ऊन तापले की समुद्राकडून खारा वारा सुटतो. उशिरा सायकलीवर बसणाऱ्याला किनाऱ्याकडे परतताना तो तोंडावर बसतो. त्यात दुसऱ्याच्या पाठीशी लपून वारा चुकविण्यास मनाई आहे. दोन सायकलींत बारा मीटरांचे अंतर ठेवावे लागते.

सायकल आगगाडीने अगर विमानाने नेताना ती सुटी करावी लागते. पुन्हा जोडताना डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात, हे विसरून ते बिघडविणारे पुष्कळ आहेत. जोडल्यावर चार-पाच किलोमीटर चालवून, एक चढ आणि एक उतार करून, ब्रेक पाहून घ्यावेत. सायकल आदल्या दिवशीच आवारात टांगून यावे लागते. टायरातील हवा मात्र शर्यतीच्या पहाटे पुन्हा तपासावी. शिरस्त्राणाचा पट्टा आवळल्याखेरीज टांगलेल्या सायकलीला हात लावला तर दंड होतो. म्हणून हा क्रम, म्हणजे आधी टोपी, मग पट्टा, मग सायकल, घरच्या दिवाणखान्यात पंचवीस वेळा गिरवावा. आमच्या सूनबाईने तो गिरविला तेव्हा नातवाने टाळ्या वाजवून पहारा केला.

खाण्यापिण्याबद्दल बाजारात इतकी पुडकी आणि नळ्या मिळतात, की त्या पाहूनच पोट भरावे. नियम एकच: जे सरावाच्या दिवशी पोटाने मानले तेच शर्यतीच्या दिवशी. पहाटे तीन तास आधी पोहे, साबूदाण्याची खिचडी, उकडलेला बटाटा, जे अंगवळणी असेल ते खावे. सायकलीवर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट पदार्थ पुरतात. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असतात. पाण्याबाबत मात्र एक गैरसमज घरोघरी आहे, की जितके जास्त तितके चांगले. २००२ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याइतके कमी झालेले आढळले, आणि अतोनात पाणी पिणे हे त्याचे मुख्य कारण ठरले. तहान लागेल तसे प्यावे. सरावाच्या वेळी एक तासापूर्वी आणि नंतर वजन करून पाहिले तर घाम किती गेला याचा अंदाज येतो. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत हा आकडा एक येईल, आणि गोव्याच्या दमट हवेत निराळा. तेथे घाम वाळत नाही, म्हणून अंग थंडही होत नाही. उकाड्याची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत होते. तेव्हा शेवटच्या पंधरवड्यात पहाटेच्या गारव्याचा मोह सोडून, वैद्याची हरकत नसेल तर, थोडा सराव उन्हात करावा.

राहिला आदल्या रात्रीचा प्रश्न. त्या रात्री झोप येत नाही, आणि न आली तरी चालते. तिच्या आदल्या रात्रीची झोप मात्र पुरती घ्यावी. गोव्यास आलो आहोत तर मासळीवर ताव मारू, हा बेत नातलगांनी शर्यत आटोपेपर्यंत मनातच ठेवावा.

आता नातलगांविषयी. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांवर या लांब अंतराच्या शर्यतीचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा पंधरा जण निघाले आणि बारा जणांनी ती पुरी केली. त्या वेळी प्रत्येकाने आपापली मदतनीस मंडळी बरोबर आणावयाची होती. जॉन डनबार नावाचा स्पर्धक पुढे होता. पण त्याच्या मंडळींजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली! तो दुसरा आला; गॉर्डन हॅलर पहिला. आज नियम नेमका उलट आहे. बाहेरच्या माणसाकडून पाण्याचा घोट देखील घेता येत नाही. घेतला तर स्पर्धक बाद होऊ शकतो. वर्षानुवर्षे ज्याच्या हातात डबा दिला त्याला समोरून घामाघूम जाताना पाहावे आणि हातातला लाडू हातातच ठेवावा, ही आईबापांची खरी कसोटी आहे. आमच्या सौभाग्यवतींना हे पटविण्यास मला दोन संध्याकाळी लागल्या.

मग त्यांनी करावे काय? वेळांचे एक टिपण जवळ ठेवावे: पाण्यातून केव्हा बाहेर यावे, सायकल केव्हा संपावी. अर्धा तास इकडेतिकडे झाला तर धावपळ करू नये. उभे राहावयाचे ते शेवटच्या रेषेजवळच्या गर्दीत नव्हे, तर धावण्याच्या वाटेवरील चढाच्या पायथ्याशी, सावली पाहून. तेथे नाव घेऊन हाक मारली तर ती ऐकू येते. ‘आता थोडेच राहिले’ असे मात्र म्हणू नये; किती राहिले ते त्याला आपल्याहून अधिक चांगले ठाऊक असते. रेषा ओलांडताच थबकून उभे राहिल्याने पायांत रक्त साचून घेरी येते. म्हणून त्याला थोडे चालते ठेवावे, आणि घेरी आलीच तर आडवे निजवून पाय उंच करावेत. बोलणे असंबद्ध वाटले तर घरगुती उपचार न करता लगेच वैद्यकीय तंबूत न्यावे. पिशवीत कोरडे कपडे, टॉवेल आणि एक नंबर मोठ्या अशा चपला असाव्यात, कारण त्या वेळी पाय सुजलेले असतात.