प्राथमिक वर्गांतील सहा दिवस

(महोत्सवाच्या सभेंत एका निवृत्त शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं वर्षांचा हिशेब मांडण्याची रीत आहे. मला मात्र आज वर्षांविषयीं बोलावयाचें नाहीं. ज्या कामांत माझें आयुष्य गेलें, त्या कामाचें माप वर्ष हें नव्हेच. प्राथमिक शाळा ही आठवड्यावर चालते. वर्षाच्या अखेरीस परीक्षा येते, निकालपत्रक येतें, आणि लोकांच्या नजरेस तेवढेंच पडतें. परंतु मूल वाचावयास शिकतें तें सोमवार ते शनिवार या सहा दिवसांत, आणि त्यांतील दोन-तीन दिवस तें घरीं राहिलें तर शिकलेलें विसरतें तेंहि त्याच सहा दिवसांत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत, पहिली ते चौथीच्या वर्गांत, हा आठवडा कसा जातो तेवढेंच सांगण्याची परवानगी मीं मागितली व फादरांनीं ती उदार मनानें दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें.

आपल्या आजे-पणज्यांचा आठवडा निराळा होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. सुट्टीचा वार शुक्रवार असे, आणि वरच्या वर्गांत शिक्षणाचें माध्यम उर्दू असे. घरीं मराठी बोलणारा मुलगा खालच्या वर्गांत कोठें रमूं लागे, तोंच त्याला इतिहास-भूगोल परक्या लिपींत शिकावा लागे. ज्यांना हें सहन झालें नाहीं त्यांनीं खाजगी शाळा काढल्या. आतां धाराशिव म्हणतात त्या जिल्ह्यांतील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्यांपैकींच एक. पुढें हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ हे तेथें मुख्याध्यापक होते. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, ही ती जुनी अडचण. ती १९४८ सालीं नाहींशी झाली असें आपण समजतों. वस्तुतः ती आपल्या मुलांवरून उठून दुसऱ्यांच्या मुलांवर जाऊन बसली आहे. त्याविषयीं पुढें बोलेन.

आधीं वेळाचा हिशेब. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें पांचवीपर्यंतच्या वर्गांस वर्षांत किमान २०० दिवस व ८०० तास शिकविलें पाहिजे, आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले पाहिजेत. म्हणजे दिवसाला चार तास झाले. पण लहान गांवीं वर्ग चार आणि शिक्षक दोन! प्रत्येकाच्या वांट्याला दोन वर्ग येतात. तेव्हां गुरुजी वा बाई समोर आहेत असा वेळ एका मुलाच्या वांट्याला दिवसाकाठीं दोन तासच येतो. उरलेल्या दोन तासांत मुलानें काय करावें, हाच प्राथमिक शाळेचा खरा प्रश्न आहे. शाळेंत चिंचोके मोजीत बसलेलीं, फरशीवर रंगविलेल्या अक्षरांवर उड्या मारणारीं मुलें पाहून पालक विचारतात, "गुरुजी, हीं नुसतीं खेळतात काय?" त्यांना माझें उत्तर असें कीं, हा खेळ नसता तर त्या दोन तासांत मुलें भिंतीकडे पाहत बसलीं असतीं. उपक्रम हा शब्द मोठा आहे, पण त्याची गरज अशी साध्या बेरीज-वजाबाकींतून निघालेली आहे.

सोमवारचा परिपाठ महत्त्वाचा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, २०२३ पासून राज्यगीत, मग सुविचार, दिनविशेष आणि वर्तमानपत्रांतील दोन बातम्या, असा तो क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांतील प्रतिज्ञेविषयीं एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. ती १९६२ सालीं प्रथम तेलुगु भाषेंत लिहिली गेली, आणि तिचे लेखक पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे नलगोंडा जिल्ह्याचे, म्हणजे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानांतील. देगलूरकडील शाळेंत हें एकदां सांगून पाहावें. मागच्या रांगेंतील तेलुगु बोलणारीं मुलें दुसऱ्या दिवशीं पुढें येऊन उभीं राहतात.

त्या मागच्या रांगेकडेच मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या बाजूस घरांत तेलुगु चालते. लातूर जिल्ह्यांत देवणी-निलंग्याच्या सीमेवर कानडी चालते. किनवटच्या डोंगरांत गोंडी आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांतील तांड्यांवर बंजारा बोली आहे. हीं मुलें सहाव्या वर्षीं पहिलींत येतात आणि पुस्तकांतलें चित्र दाखवून बाई विचारतात, "ही कोण?" मूल सांगतें, "याडी." उत्तर बरोबर आहे; बंजारा बोलींत आईला याडीच म्हणतात. पण बाईंनीं "चूक, आई म्हण," असें म्हटलें कीं तें मूल जें गप्प होतें तें दिवाळीपर्यंत तोंड उघडीत नाहीं. शहाणा शिक्षक काय करतो? तो भिंतीवर तक्ता लावतो आणि दर आठवड्याला त्यांत पांच-सहा शब्द वाढवितो. पाणी, त्याखालीं तेलुगु नीळ्ळु, त्याखालीं कानडी नीरु. आई, याडी, अम्मा. सर्व मुलें सर्व शब्द वाचतात. महिन्याभरांत मराठी बोलणाऱ्या मुलाला तेलुगु पाणी मागतां येतें, आणि तेलुगु बोलणारें मूल मराठी धडा वाचूं लागतें, कारण आपला शब्द भिंतीवर आहे हें त्यानें पाहिलेलें असतें. या तक्त्याला खडू आणि जुना कागद यांपलीकडे खर्च नाहीं.

अंकांची कथा याहून मौजेची आहे. मराठींत आपण एकवीस म्हणतों, म्हणजे एक आधीं आणि वीस मागाहून. लिहितांना मात्र दोन आधीं लिहितों. म्हणून पंचवीस ऐकून ५२ लिहिणारें मूल प्रत्येक वर्गांत असतें. त्यांत पुन्हा एकोणतीस! कान तीस ऐकतात आणि हात ३९ लिहितो. २०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस एक' अशीहि वाचनाची रीत सुचविली, तेव्हां केवढा गहजब झाला! मराठीचा नाश झाला म्हणून लेख आले, थट्टा झाली, विधिमंडळापर्यंत गोष्ट गेली. त्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनीं शांतपणें आपली बाजू मांडली. मला तेव्हांहि वाटलें व आजहि वाटतें कीं, या वादांत पुण्या-मुंबईचीं मुलें सर्वांच्या डोळ्यांपुढें होतीं, देगलूर-देवणीचीं नव्हतीं. तेलुगु घरांत एकवीस म्हणजे 'इरवै ओकटि', कानडी घरांत 'इप्पत्तोंदु'. दोहोंतहि वीस आधीं आणि एक मागाहून. हीं मुलें 'वीस एक' घेऊनच शाळेंत येतात! एकवीस हा शब्द त्यांना शिकविलाच पाहिजे, तो आपल्या भाषेचा ठेवा आहे. परंतु तो शिकवितांना त्यांच्या घरची रीत आधीं पुढें घ्यावी, मग आपली सांगावी, इतकें तर कोणीहि करूं शकतो.

यासाठीं उत्तम साधन शेतांत फुकट मिळतें. तुऱ्हाट्यांच्या सारख्या काड्या कापून दहा-दहांचे गठ्ठे बांधावे. दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी हातांत घेऊन मूल जें म्हणेल तें म्हणूं द्यावें: एकवीस, वीस एक, इरवै ओकटि. गठ्ठे दोन ते दोनच. मंगळवारीं व बुधवारीं हें केलें तर शुक्रवारीं पाटीवर ५२ लिहिणारीं मुलें निम्म्यावर येतात, असा माझा अनुभव आहे.

वरच्या वर्गांस मात्र काड्या पुरत नाहींत. त्यांना जगांतलें गणित द्यावें. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या व एकेका वाघिणींत सुमारें ५०,००० लिटर पाणी होतें. (वाघीण म्हणतांच वर्ग हसतो, हसूं द्यावा.) एकूण पाणी किती? पांच लाख लिटर. ऐकावयास अफाट वाटतें. मग दुसरा प्रश्न घालावा: २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक होती, तर माणशीं किती? भागाकार करून मूल सांगतें, "गुरुजी, दीड लिटरसुद्धां नाहीं!" त्या क्षणीं वर्गांत जी शांतता पसरते ती कोणत्याहि भाषणानें पसरणार नाहीं. भागाकार कशासाठीं शिकावयाचा, हें त्यांना पुन्हा सांगावें लागत नाहीं.

परिसर अभ्यासाचीहि हीच तऱ्हा. जनावरांचें वर्गीकरण पुस्तकांतील हत्ती-जिराफांवरून कशाला शिकवावें? लातूर-नांदेडच्या मुलाला देवणी गाय आणि लाल कंधारी बैल दारांत दिसतात. अंग एकरंगी तांबडें तें लाल कंधारी. देवणींत पुन्हा तीन प्रकार: वानेऱ्याचें अंग पांढरें पण तोंडावर काळेपणा, बालंक्या पांढरा पण खालच्या बाजूस काळे ठिपके, शेवऱ्याच्या सर्वांगावर काळे-पांढरे डाग. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजाराला बापाबरोबर जाणारा चौथीचा मुलगा हें सर्व शिक्षकाहून चांगलें जाणतो. त्याला फळ्याजवळ उभें करावें. वाचनांत मागें पडलेला मुलगा त्या एका तासापुरता वर्गाचा गुरु होतो, आणि पुढच्या तासाला वाचावयासहि धीटपणें उठतो.

दुपारच्या आहाराविषयीं विस्तार करीत नाहीं. खिचडीच्या वासानें पुष्कळ मुलें शाळेंत टिकलीं, हें खरें आहे. २०२३ च्या अखेरीस आठवड्यांतून एक अंडें वा केळें देण्यास आरंभ झाला, आणि २०२५ च्या आरंभीं शासनानें अंड्यासाठींचा निधी थांबविला. कारणें कांहींहि असोत, अंड्याच्या दिवशीं पट भरलेला असे, एवढें प्रत्येक शिक्षक सांगेल.

शनिवारची शाळा सकाळची. २०२४ सालीं राज्य शासनानें पहिली ते आठवीसाठीं 'आनंददायी शनिवार' ठरविला. त्या दिवशीं योग, खेळ, आरोग्य, रस्त्यावरील सुरक्षितता, संकटकाळीं काय करावें, अशा गोष्टी कराव्या असें त्यांत आहे. कल्पना चांगली आहे. कांहीं शाळांत तिचें रूप छायाचित्रें काढून वर पाठविण्यापुरतें उरतें, हेंहि स्पष्ट बोललें पाहिजे. पण औसा तालुक्यांतील शाळेला शनिवारीं काय करावें हें कोणी शिकवावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारों माणसें झोपेंत गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार, हें त्यांचें मरण झालें. आजच्या वर्गांतील मुलांच्या आज्या हें बोलून दाखवितात. तेव्हां दर शनिवारीं दहा मिनिटें सराव करावा: जेथें बाकें आहेत तेथें बाकाखालीं शिरावें, जेथें मुलें बस्करपट्टीवर बसतात तेथें भिंतीपासून दूर सरून डोक्यावर दप्तर धरावें, आणि हादरा थांबल्यावर ढकलाढकली न करतां मैदानांत जावें. मोठ्या मुलानें लहानाचा हात धरावा. हा सराव करून घरीं गेलेलें मूल आईला विचारतें, "आपलें माळवद कितीं वर्षांचें आहे?" या प्रश्नासाठीं तरी शनिवार वांया जाऊं देऊं नये.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं आपला इतका वेळ घेतला, तिकडे वळतों. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार हा आमच्याकडे वर्षांतील सर्वांत जड दिवस असतो. मुखेड, कंधार, जळकोट या भागांतील तांड्यांवरून ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें तोंवर निघून गेलेलीं असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली. लहान मूल मागें ठेवावें तर कोणाजवळ? तें पाचटावर, उसाच्या फडाच्या कडेला, धाकट्या भावंडाला सांभाळीत बसतें. मार्च-एप्रिलपर्यंत शाळेचे अठरा-वीस आठवडे जातात. भिंतीवरील तक्त्यांत त्याचा शब्द तसाच असतो, पण वाचावयास तें नसतें.

यावर उपाय झालेच नाहींत असें नाहीं. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. जेथें मूल जाईल तेथील शाळेंत त्याला बसतां यावें म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्यांत आलें. आणि गांवींच आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तींत मुलांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. या तिहींत मला शेवटचा उपाय सर्वांत खात्रीचा वाटतो, कारण त्यांत मूल आपल्याच वर्गांत, आपल्याच पाटीवर राहतें. पण त्यासाठीं एक म्हातारी "राहूं दे माझ्याजवळ," असें म्हणणारी पाहिजे, आणि तिच्या मागें चार शेजारी पाहिजेत. नात आजारी पडली तर दवाखान्यांत कोण नेईल, रात्रीं सोबत कोण असेल, एवढ्याच धास्तीनें पुष्कळ आज्या नाहीं म्हणतात.

आपल्यापैकीं ज्यांचीं घरें अशा तांड्यांजवळ आहेत, त्यांनीं या आज्यांना भेटावें आणि नांवें शाळेंत द्यावीं. हें काम दसऱ्यापूर्वीं झालें पाहिजे. दिवाळी झाल्यावर गेलें तर उपयोग नाहीं. तोंवर भांडीं-अंथरुणें बांधून झालेलीं असतात आणि ट्रक तांड्याच्या तोंडाशीं येऊन उभा असतो.