एक यकृत, दोन औषधे

फेफऱ्याची गोळी घेणाऱ्या माणसाला क्षय झाला, तर दोन्ही रोगांची औषधे एकाच यकृताच्या दारी येतात. १९३८ पासून फेफऱ्यावर वापरात असलेल्या फेनिटॉइनचा निचरा यकृतच करते. १९५२ मध्ये क्षयावर आलेले आयसोनियाझिड त्या कामात अडथळा आणते. मग फेनिटॉइन रक्तात साचते, रोग्याची चाल डळमळते, एकाचे दोन दिसू लागतात, गुंगी येते. रिफाम्पिसिनची तऱ्हा उलटी. ते यकृताला इतके तत्पर करते, की नेहमीची मात्रा अपुरी पडून झटके परततात.

मग दोन्ही एकत्र दिली की वजाबाकीने हिशेब सुटेल काय? नाही, कोणाचे यकृत मुळात संथ, कोणाचे चपळ. म्हणून आम्ही डॉक्टरमंडळी रक्तातील प्रमाण मोजून मात्रा बदलतो. क्षयाचा उपचार संपल्यावर पुन्हा मोजतो, कारण रिफाम्पिसिनचा प्रभाव सुमारे दोन आठवड्यांत ओसरतो.

आमचे मागणे एवढेच. लग्न मोडेल, नोकरी जाईल, या भयाने फेफरे लपवू नका. जी गोळी आम्हांला ठाऊकच नाही, तिचा हिशेब आम्ही कसा ठेवावा? आणि आपल्या मनाने कोणतेच औषध सोडू नका.