धावण्याचे बूट घेताना

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावताना आपण पाहतो. चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावायचं असतं. अनेकांच्या पायांत पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट असतात. मग नडगी दुखू लागते. एकदम वाढवलेलं अंतर हे त्याचं मोठं कारण असतंच; पण बूटही तपासावा.

रोजच्या सरावाला जरा जाड, मऊ तळाचा बूट घ्यावा, म्हणजे डांबराचा दणका सुसह्य होतो. मैदानावर वेगाच्या फेऱ्या मारायच्या दिवशी हलका बूट बरा. माळरानाच्या कच्च्या वाटेला खोल खाचांचा तळ लागतो. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या उतारावर बोटं पुढे आदळतात, नखं काळी पडतात. म्हणून बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच. कार्बनची पट्टी बसवलेले महागडे बूट शर्यतीसाठी असतात. नवशिक्यांनी त्यावर आईवडिलांचे कष्टाचे पैसे खर्च करू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. धावताना घालता तेच मोजे घाला, मोठ्या पायाचं माप धरा आणि दुकानात थोडं धावून पाहा. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर तळाचा मऊपणा जातो, वरून बूट नवा दिसला तरीही.

आणि भरतीच्या दिवशी कोरे बूट घालू नका. निदान दोन आठवडे आधीपासून ते वापरा.