जुना कॅमेरा आणि शनिवारवाडा


तुमच्या माळ्यावर जुना आगफा क्लिक थ्री कॅमेरा आहे का?
असेल, तर खाली काढाच.

त्याचा वन-ट्वेंटी रोल आजही मिळतो.
एका रोलवर फोटो फक्त 12.
म्हणून आधी ऊन पाहा, मग खटका दाबा.

पुण्याचा शनिवारवाडा घ्या.
त्याच्या दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला.
हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे, म्हणजे दरवाजाच्या मागे.
मग फोटोत दरवाजा काळवंडतो.

मे महिन्यात मात्र सकाळचं ऊन ईशान्येकडून येतं.
बुरुजांवर ते तिरपं पडतं.
एकेक चिरा उठून दिसतो.
असा फोटो कृष्णधवलच हवा, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा सांगते, आधी ऊन पाहा.
कोपरं अंगाशी धरा.
खटका हळूच दाबा.
आणि संपलेला रोल सावलीतच बाहेर काढा.