खामगावचा होकार, अहमदाबादचा करार



कापूस आणि सरकी यांच्या उलाढालीवर पोसलेल्या या खामगाव नगरीत, आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा करार नेमका केव्हा व कोठे जन्मास येतो याचा खल करण्यासाठी आपण दूरदूरहून आलात, याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. स्थळाची ही निवड कोणास विचित्र वाटेल. परंतु याच प्रश्नापायी आमच्या गावाचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी कायमचे दाखल झाले आहे. 1959 साली अहमदाबादच्या एका पेढीने दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीची मागणी केली, येथल्या कारखान्याने दूरध्वनीवरच होकार दिला, आणि पुढे माल न मिळाल्याची फिर्याद अहमदाबादेत गुदरली, तेव्हा करार होकार उच्चारला तेथे झाला की ऐकला तेथे, हा वाद 1965 पर्यंत चालला. बहुमताचा कौल अहमदाबादकडे पडला; एके काळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेल्या न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी मात्र 1872 च्या करार कायद्याच्या शब्दांस धरून खामगावचा पक्ष उचलला, आणि ग्रामाभिमान बाजूस ठेवूनही मला तोच अधिक सुसंगत वाटतो.

1980 साली व्हिएन्ना येथे संमत होऊन 1988 पासून अमलात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय मालविक्रीविषयक करारनाम्याने हा तंटा मोठ्या चातुर्याने मिटविला आहे. स्वीकृती प्रस्तावकर्त्यास पोहोचेल तेव्हाच सामान्यतः करार सिद्ध होतो, मग ती तोंडी असो वा टपालाने. परंतु स्वीकृतीचे पत्र रवाना होताच प्रस्ताव मागे घेण्याची मुभा संपते. म्हणजे पत्र वाटेत गहाळ झाले तर नुकसान स्वीकारणाऱ्याचे, आणि ते वाटेत असता प्रस्तावकर्त्याचे मन पालटले तर त्याचा इलाज चालत नाही. मौनास संमतीचे लक्षण मानणाऱ्या आम्हा लोकांना बोचेल असे एक कलमही त्यात आहे: उभयपक्षांची वहिवाट वा व्यापाराची रूढी निराळे सांगत नसेल, तर नुसते मौन म्हणजे स्वीकृती नव्हे.

भारत या करारनाम्यात अद्याप सामील नाही. तथापि जर्मन खरेदीदाराशी केलेल्या सौद्यास जर्मन कायदा लागू ठरला, तर आमच्या व्यापाऱ्याच्या माथी हीच कलमे येतात, याची वार्ता आमच्या पेढ्यांवरील मुनिमांना क्वचितच असते. म्हणूनच पहिला परिसंवाद सरकीच्या त्या निकालावर ठेविला आहे. अध्यक्षमहाराजांनी आसन ग्रहण करून तो सुरू करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.